गाणं कोणाकडून आलं : पुण्यातल्या परभाषी गाण्यांच्या कामाच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४

कामाला आजपासून सुरुवात. पुण्यात राहणाऱ्या आणि रोजचा व्यवहार मराठीत करणाऱ्या माणसांकडून एकेक गाणं ध्वनिमुद्रित करायचं. गाणं मराठी नसावं आणि गाणाऱ्याच्या अगदी जिव्हाळ्याचं असावं. गळा तयार असण्याची अट नाही, पेटी-तबला नाही. माणूस जिथे बसून ते एरवी गुणगुणतो तिथेच जायचं. स्वयंपाकघर असेल तर स्वयंपाकघरात. गाण्याच्या आधी आणि नंतर जे बोलणं होईल तेही पूर्ण घ्यायचं, कापायचं नाही.

आम्ही दोघी आहोत. ध्वनिमुद्रण माझ्याकडे. माझी मैत्रीण एका ग्रंथालयात काम करते, ती सूची करणार. गाणाऱ्यांची नावं सूचीत राहतील, या नोंदींत लिहायची नाहीत असं ठरवलंय.

पुण्यात असं काम करायला घेतलं की हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांची आठवण येतेच. जात्यावरच्या ओव्यांचा त्यांनी उभा केलेला साठा एक लाखाच्या वर आहे, आणि त्यात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. मला त्या साठ्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ‘लोकगीत, कर्ता अज्ञात’ एवढं लिहून तिथे कोणी मोकळं झालेलं नाही. आमचं काम त्यापुढे अगदीच छोटं, पण ही शिस्त आम्हाला पाळायची आहे.

१८ ऑगस्ट

सदाशिव पेठ. बँकेतून निवृत्त झालेले काका, वय सत्तरीच्या पुढे. कानडी येत नाही. गाणं : ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’.

कानडी संतकवी पुरंदरदासांची ही रचना पुण्यात रुजली ती भीमसेनजींमुळे. रोणला १९२२ साली जन्मलेला हा माणूस पुण्याचा झाला आणि मराठी अभंगांच्या जोडीनं कानडी दासवाणीही इथल्या कानांत घालून गेला. काकांच्या घरी ते आले कॅसेटमधून. शुक्रवारी तिन्हीसांजेला आईनं देवीपुढे दिवा लावला की वडील टेप लावायचे. गाण्यातही शुक्रवारच्या पूजेचा उल्लेख आहे, पण ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवार त्यांनी आपल्या घरच्या रीतीनं धरलेला.

काकांनी डोळे मिटून सुरुवात केली. मध्ये एका जागी ते थांबले, क्षणभर गप्प राहिले आणि एकदम पुढच्या कडव्यावर गेले. संपल्यावर मी विचारलं, “काका, मधलं कडवं सोडलंत का?”

“सोडलं नाही. आमच्या टेपमध्ये तिथे फीत अडकायची. वडील पेन्सिल घालून गुंडाळायचे. पुढे तेवढा तुकडा कापून चिकटपट्टीनं जोडला त्यांनी. आमच्याकडे गाणं एवढंच आहे.”

वडील जाऊन तीस वर्षं उलटली. कॅसेटही राहिलेली नाही. पूर्ण गाणं आता मोबाईलवर मिळतं आणि काकांनी ते ऐकलेलंही आहे, पण गायला बसले की ते कडवं तोंडात येत नाही. आणावं असंही त्यांना वाटत नाही. फीत जिथे कापली होती तिथे ते आजही थांबतात.

काही कानडी शब्द त्यांच्या तोंडी बदललेत. आम्ही ते दुरुस्त केलेले नाहीत आणि करणार नाही.

२५ ऑगस्ट

पिंपरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांसाठी इथे कॅम्प उभा राहिला, आणि त्या वस्तीची पुढे मोठी बाजारपेठ झाली. ज्यांच्याकडे गेलो त्या आंटींचा जन्म इथलाच. शाळा मराठी, दुकानावरचं बोलणं मराठी, शेजारणीशी भांडण झालं तर तेही मराठीत.

आधी त्यांनी लाडा गायला, लग्नाचं गाणं. सुनेला टाळ्या वाजवायला बसवलं होतं. छान झालं, पटकन झालं. रेकॉर्डर बाजूला ठेवून आम्ही चहा घेत होतो आणि कप भरता भरता त्या दुसरंच काहीतरी गायला लागल्या. मी रेकॉर्डर पुन्हा सुरू केला तेव्हा त्यांनी मान हलवून होकार दिला.

ते शाह अब्दुल लतीफांच्या मारुईच्या सुरातलं होतं. शाह लतीफ (१६८९ ते १७५२) सिंधीतले सगळ्यात थोर कवी. मारुई ही थरच्या वाळवंटातली, मलीरची मुलगी. राजा उमर तिला उचलून उमरकोटच्या किल्ल्यात नेतो, रेशमी वस्त्रं आणि दागिने पुढे करतो. ती घोंगडी सोडत नाही, केस धूत नाही, आपल्या माणसांची आणि मलीरच्या पावसाची आठवण काढत राहते.

आंटींची आई शिकारपूरची. कराचीहून बोटीनं मुंबईला, तिथून कॅम्पात. पापड लाटून घर चालवलं. लाटताना हेच गायची, आणि ही मुलगी शेजारी बसून लाट्या करून द्यायची. आंटींनी सिंध पाहिलेलं नाही. सिंधीची अरबी वळणाची लिपी त्यांना वाचता येत नाही. मी विचारलं, गाताना मलीर डोळ्यांसमोर येतं का?

“नाही बेटा. मलीर मला कसं दिसणार? आईचे हात दिसतात. उडदाच्या पिठाचे.”

मग त्या रडल्या. मी रेकॉर्डर बंद केला नाही. नंतर विचारलं, हे ठेवायचं का. म्हणाल्या, ठेव, पण कोणाला ऐकवायचं ते मी सांगेन.

परतताना आम्ही लोकलमध्ये बराच वेळ बोललो नाही. आई ज्या गावासाठी रडायची ते गाव मुलीनं पाहिलं नाही, पण आई रडायची हे तिनं रोज पाहिलं. गाण्यातलं दुःख तिला मिळालं ते आईच्या दुःखाच्या रूपात, आणि ते मूळच्या दुःखापेक्षा कमी खरं आहे असं मला वाटत नाही.

३ सप्टेंबर

तांत्रिक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव फाईल. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज घ्यायचा, नंतर साफसफाईला उपयोगी पडतो. पंखा बंद करायची विनंती करायची, फ्रीजची नाही, कारण लोक नंतर तो सुरू करायला विसरतात. माईक तोंडासमोर धरला की न शिकलेला गळा आखडतो. म्हणून तो जरा खाली, टेबलावर, दुमडलेल्या टॉवेलवर. कुकरची शिट्टी आली तर येऊ द्यायची.

सूचीचा प्रश्न मोठा आहे. मैत्रिणीनं पहिला रकाना ‘भाषा’ धरला होता. ग्रंथालयात तेच सोयीचं. पण शिवाजीनगरच्या बंगाली बाईंचं उदाहरण घेतलं आणि दोघी अडलो. त्या रवींद्रनाथांचं ‘पुरानो शेई दिनेर कथा’ गातात. शब्द बंगाली, चाल स्कॉटलंडच्या जुन्या निरोपगीताची. त्यांचं दुसरं आवडतं ‘आनंदलोके मंगलालोके’, त्याची चाल कर्नाटक संगीतातून आलेली. ज्या गाण्याचे पाय इतक्या ठिकाणी आहेत त्याला एका भाषेच्या कप्प्यात घालताना काहीतरी हातातून निसटतं. तूर्त रकाना ठेवलाय, पण तो पहिला असावा का यावर बोलणं बाकी आहे.

१४ सप्टेंबर

गणपती. ढोल-ताशांत रेकॉर्डिंग अशक्य, म्हणून ऐकण्याचं आणि वाचण्याचं काम.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचला. जगातल्या ८६ समाजांमधली गाणी घेऊन त्यांचे छोटे तुकडे ६० देशांतल्या ७५० लोकांना ऐकवले आणि विचारलं, हे गाणं कशासाठी असेल? भाषा कळत नसताना अंगाई आणि नाचाचं गाणं लोकांनी बऱ्यापैकी ओळखलं. प्रेमगीत मात्र तितकं सहज ओळखता आलं नाही.

अंगाईबद्दल शंका नाही. कोणत्याही भाषेतली आई बाळाला झोपवताना आवाज खाली आणते, चाल संथ करते. पण प्रेमगीत ओळखू न यावं हे मला फार पटलं. आमच्याकडे जमलेल्या गाण्यांत सगळ्यात जास्त माया ज्या गाण्यांवर आहे ती वरून ऐकली तर भक्तीची, लग्नाची, कापणीची, खेळाची आहेत. माया त्यांच्यावर नंतर चढली आहे, एका विशिष्ट माणसामुळे. ती परक्याला सुरांतून ऐकू येणं कठीणच.

माँट्रियलच्या संशोधकांचं २०११ सालचं कामही पाहिलं. आवडत्या गाण्यात अंगावर शहारा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामाइन स्रवतं, आणि तो क्षण येण्याआधी, नुसत्या चाहुलीनंही, मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवू लागतं. म्हणजे पुढे काय येणार हे माहीत असण्यात अर्धं सुख आहे. सदाशिव पेठेतल्या काकांच्या बाबतीत ‘पुढे काय येणार’ यात ती कापलेली फीतही धरायला हवी.

२२ सप्टेंबर

कॅम्प, म्हणजे पुण्याचा लष्कर भाग. मूळ गोव्याचे, सासष्टीचे अंकल; दोन पिढ्या पुण्यात. घरी कोकणी, बाहेर मराठी आणि इंग्रजी. भिंतीवर घुमट टांगलेलं. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं वापरायचे, वन्यजीव कायद्यानंतर बकरीचं लावतात. गोवा सरकारनं २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा आनंदानं सांगितलं.

आम्हाला हवा होता मांडो, म्हणजे गोव्यातलं संथ कोकणी गाणं, आणि त्यातही ‘आदेवस कोरचो वेळू पावलो’. तोर्क्वातो द फिगेरेदो (१८७६ ते १९४८) यांची ही रचना, निरोपाची. मी माईक लावून विचारलं तर म्हणाले, “ते आता कसं म्हणू? तुम्ही आत्ताच तर आलात.”

गोव्यात बैठकीचा शेवट या गाण्यानं होतो. त्यांच्या वडिलांच्या घरी तो नियमच होता. पाहुणे उठले, दाराशी आले, की वडील व्हायोलिन घेऊन उभे राहायचे. मधल्या वेळी ते गाणं कोणी गायलंच नाही. मग आम्ही बसलो. जेवलो. त्यांनी इतर तीन-चार मांडो आणि एक दुलपद, म्हणजे द्रुत चालीचं गाणं, गायलं; घरच्या आंटी दुसऱ्या सुरात साथ देत होत्या. संध्याकाळी आम्ही चपला घातल्या तेव्हा अंकल उठले, दारात आले आणि गायले. मी रेकॉर्डर हातातच धरून उभी होते. आवाजात जिन्याची घुमक आहे, खालून स्कूटर जाते, आंटींचा सूर स्वयंपाकघरातून येतो. इतकं पूर्ण रेकॉर्डिंग आमच्याकडे दुसरं नाही.

अंकलची दोन्ही मुलं परदेशात. ती सुट्टीला येऊन परत निघतात त्या दिवशी हे गाणं म्हणता का, असं विचारायचं मनात होतं. विचारलं नाही.

यापुढे सगळ्यांना विचारायचं : हे गाणं तुम्ही कधी गात नाही?

२ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावस्या, बतुकम्माचा, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचा, पहिला दिवस. शहराच्या पूर्वेकडच्या पेठांमध्ये तेलुगू विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. यांतली काही सोलापूरमार्गे आली. आम्ही गेलो त्या वाड्यात आजी, लेकी, नाती मिळून फुलं रचत होत्या. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे तुरे, झेंडू. थाळ्यावर थरावर थर चढवत शिखर करायचं, वर हळदीची गौर. तरवड आता शहरात मिळत नाही; घरातल्या एक काकू पहाटे बसनं सासवडच्या बाजूला जाऊन घेऊन आल्या होत्या. झेंडूनं भागलं असतं, असं कोणीतरी म्हणालं तर काकूंनी नुसतं पाहिलं.

फुलांभोवती फेर धरतात. एक जण ओळ सांगते, बाकीच्या ‘उय्यालो’ म्हणत झेलतात, टाळी आणि पाऊल एकदम पडतं. नाती आपापसांत पक्क्या पुणेरी मराठीत बोलत होत्या, “अगं सरक ना, माझा पाय तुडवतेस,” आणि त्याच श्वासात तेलुगू ओळ उचलत होत्या. ओळ सांगणारी कॉलेजात शिकणारी मुलगी होती. हातात वही. आजीनं सांगितलेली गाणी तिच्या आईनं त्या वहीत देवनागरीत उतरवून ठेवली आहेत, कारण आईलाही तेलुगू लिपी येत नव्हती. कडेला पेन्सिलीनं खुणा : ‘इथे लांबव’, ‘आजी इथे हसते’.

‘आजी इथे हसते’ ही खूण मी वाचली आणि वही खाली ठेवून दिली. त्या गाण्यात तिथे हसण्यासारखं काही असेलही, नसेलही. आजी बाजूला खुर्चीत बसली होती, गुडघ्यांमुळे फेर धरता येत नाही. ती ओळ आली तेव्हा ती हसली, आणि नाती तिच्याकडे बघून हसल्या. आजी नसेल तेव्हाही या मुली त्या ओळीला हसतील.

ध्वनिमुद्रणाचा प्रश्न असा होता की गाणारी फिरत असते. माईक मध्ये ठेवला तर सगळ्यांचा आवाज सारखा येतो, पण मध्ये देवी आहे आणि तिथे काही ठेवायचा विचारही नको. म्हणून कडेला, आजीच्या खुर्चीच्या दांड्याला रेकॉर्डर बांधला. फेरा जवळ आला की आवाज वाढतो, लांब गेला की कमी होतो, आणि मध्ये सतत आजीचं पुटपुटणं. आजी जिथून ऐकते तिथूनच आम्ही ऐकतोय. आवाजाची पातळी सारखी करायची नाही, असं मी फाईलच्या टिपणात लिहून ठेवलंय.

याच मुली पुढच्या आठवड्यात शाळेतल्या धाकट्या बहिणींसाठी भोंडल्याला जाणार आहेत. पाटावरचा हत्ती, ‘ऐलमा पैलमा’, खिरापत. त्यातल्या एकीला विचारलं, दोन्हींत जास्त आपलं कुठलं वाटतं? ती म्हणाली, “भोंडला मैत्रिणींचा. हे घरचं.” पुढे तिला काही सांगावंसं वाटलं नाही, मीही ताणलं नाही.

२० ऑक्टोबर

रास्ता पेठ. बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या मावशी. आडनाव कोकणातल्या गावावरून, माहेरचं आणि सासरचंही ‘कर’मध्ये संपणारं. दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, नुकताच होऊन गेला. लष्करातलं लाल देऊळ म्हणजे १८६७ सालचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मावशींचं जाणं-येणं मात्र रास्ता पेठेतल्या लहान सिनेगॉगमध्ये.

त्यांचं गाणं ‘एलियाहू हानबी’. हिब्रू. घरात मलिदा करतात तेव्हा म्हणायचं : भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वर फळं, आणि एलियाहू नबीची आठवण. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण खडकावर आहे असं हा समाज मानतो. तिथे लहानपणी बैलगाडीतून गेल्याचं मावशींना आठवतं.

गाणं होतं न होतं तोच फोन आला. धाकटी बहीण, इस्राएलमध्ये. लग्न होऊन गेली त्याला पन्नास वर्षं होत आली. मावशींनी स्पीकर लावला आणि म्हणाल्या, “अगं, या मुली गाणी घ्यायला आल्यात. तू कीर्तनातलं म्हण.” बेने इस्राएलांची मराठी कीर्तनं ही एक स्वतंत्र परंपरा आहे, बायबलमधल्या जुन्या करारातल्या कथा, साक्या-दिंड्यांच्या चाली. वडील म्हणायचे त्यातली एक साकी त्या बहिणीनं तिकडून सुरू केली. स्वच्छ, जुन्या वळणाची मराठी, आज पुण्यात ऐकू न येणारी. मावशी इथून साथ द्यायला लागल्या.

फोनवर आवाज पोचायला अर्धा सेकंद लागतो. म्हणून दोघींचं जुळेना. इथली पुढे गेली की तिकडची मागे. दोन ओळी अशा गेल्या. मग न बोलता, न ठरवता, मावशी ओळ संपली की थांबायला लागल्या. तिकडून ओळ पूर्ण आली की पुढची घ्यायच्या. शेवटपर्यंत तसंच, एकीनंतर एक. लहानपणी वडिलांमागून अशाच म्हणायच्या, हे नंतर कळलं.

पुण्यात राहिलेली बहीण हिब्रू गाणं धरून आहे आणि इस्राएलला गेलेली मराठी. मावशींना यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. “जे जवळ नाही ते म्हणावंसं वाटतं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि युद्धामुळे बहिणीची झोप कशी उडालीय ते सांगत बसल्या. कीर्तनातली साकी मराठी आहे, आमच्या अटीत बसत नाही. ती आम्ही घेतली आहे.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली बैठक. सूचीचा पहिला रकाना बदलला. आता तो आहे : ‘गाणं कोणाकडून आलं’. भाषा दुसऱ्या क्रमांकावर, रचनाकार, चाल, प्रसंग त्यानंतर.

मैत्रिणीचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. उद्या कोणी तेलुगू गाणी शोधत आला तर त्याला ‘आईची आई’ या रकान्यातून काय सापडणार? त्यासाठी भाषेनुसार वेगळी अनुक्रमणिका करायची ठरली, काम दुप्पट झालं तरी चालेल. एका संगीत अभ्यासकांनाही दाखवलं. त्यांचं मत की राग आणि ताल आधी हवेत, बाकी सगळं भावनिक. मी त्यांच्याशी वाद घातला. माणूस ज्या भाषेत एक वाक्य बोलू शकत नाही त्या भाषेतलं गाणं पन्नास वर्षं सांभाळतो, तर ते का सांभाळतो ही माहिती आहे, नुसती भावना नव्हे. ती आज लिहिली नाही तर पुढे कुठल्याच यंत्रानं काढता येणार नाही. राग काय, तो फाईल ऐकून शंभर वर्षांनीही कोणी सांगेल.

या रकान्यामुळे काही नोंदी एकदम बोलायला लागल्या. केरळच्या एक सिस्टर, पुण्यात रुग्णालयात काम करतात. ‘चेम्मीन’ या १९६५ च्या चित्रपटातलं ‘मानसमैने वरू’ गातात. संगीत सलिल चौधरींचं, आवाज मन्ना डे यांचा, दोघेही बंगाली. सिस्टर म्हणाल्या की मन्ना डे यांच्या तोंडी मल्याळम थोडं परकं लागतं, आणि त्यांचे वडील ते हुबेहूब तसंच परकं म्हणायचे. म्हणून मल्याळम मातृभाषा असलेली ही बाई एक गाणं मल्याळमच्या बाहेरच्या उच्चारांत गाते. भाषा : मल्याळम. कोणाकडून : वडिलांकडून. ‘कोणाकडून’ हा रकाना नसता तर पुढे कोणीतरी हे उच्चार चुकीचे म्हणून नोंदवले असते.

आणि वारज्याची एक मुलगी, वय १९, कोरियन गाणं गाते. रकाना भरायला विचारलं, कोणाकडून आलं? “कोणाकडूनच नाही. मी एकटीनं शोधलं.” २०२० च्या टाळेबंदीत, रात्री, हेडफोन लावून. घरात तेव्हा कोणी गात नव्हतं, फारसं बोलतही नव्हतं. तिनं शब्द एकेक करून घोटले. उच्चारांत तिला तसूभर फरक चालत नाही. आमच्या आधीच्या सगळ्या गाणाऱ्यांच्या उलट. गाण्याशी तिचं नातं कुणाहूनही कमी नाही, उलट तिच्याइतकी जपून गाणारी मला दुसरी आठवत नाही. तो रकाना आम्ही मोकळा ठेवला. त्यात ‘इंटरनेट’ लिहावं असं मैत्रिणीनं सुचवलं, मला ते नको वाटलं.

८ डिसेंबर

ऐकण्याची बैठक. एका वाचनालयाचं सभागृह, खुर्च्या गोलात. व्यासपीठ नाही, निवेदन नाही. आधी माणसाचं बोलणं, मग गाणं, मग थोडा वेळ काहीच नाही. ज्यांची गाणी त्यांतले बरेच आले होते. कॅम्पातल्या अंकलचा मांडो शेवटी ठेवला. त्यांनी तशी आधीच ताकीद दिली होती.

काकांचं कानडी गाणं झालं तेव्हा मागून एक बाई उठल्या. हुबळीच्या, कोथरूडला स्थायिक. म्हणाल्या, मधलं कडवं मी म्हणू का? काका म्हणाले, म्हणा की. त्यांनी सुरेख म्हटलं. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, “फार छान. हे तुमच्या नावावर वेगळं घालून घ्या. माझ्यात नको.” बाईंना ते लगेच उमगलं, त्यांच्या आईचीही अशीच एक ओळ आहे म्हणाल्या. बैठक संपल्यावर त्यांच्याकडून तीही घेतली.

बतुकम्माच्या मुलींनी वारज्याच्या मुलीला गाठलं आणि कोपऱ्यात बसून तिच्याकडून कोरियन ओळ बसवून घेतली. मोठ्यांपैकी कुणी त्यात पडलं नाही. त्या ओळीच्या नोंदीत पहिला रकाना आता रिकामा राहणार नाही.

पिंपरीच्या आंटी आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, लाडा वाजवा, मारुई नको.

१५ डिसेंबर

उरलेलं काम. प्रत्येकाला त्याची फाईल पेन ड्राइव्हवर आणि सोबत बोलण्याची लिखित प्रत द्यायची, मोठ्या टायपात. मारुईचं रेकॉर्डिंग सार्वजनिक साठ्यातून काढलं. त्याच्या दोन प्रती आंटींच्या मुलींना जातील, एक उल्हासनगरला, एक इथे. सूचीत नोंद राहील : ‘कोणाकडून : आईकडून. ऐकण्याची परवानगी : कुटुंबापुरती.’

मावशींच्या बहिणीनं तिकडून वडिलांच्या आणखी साक्या मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली आहे, रात्री झोप येत नाही तेव्हाच्या. पार्श्वभूमीला कधी सायरन आहे. तो काढायचा नाही असं तिनंच कळवलंय. या फायलींसाठी वेगळा फोल्डर केला.

वाड्यातल्या मुलींचं म्हणणं आहे की पुढच्या वर्षी नऊही दिवसांची गाणी व्हावीत आणि आजीनं खुर्चीतून ओळ सांगावी. वहीची पानं कडेला सुटली आहेत. जानेवारीत आधी वहीचे फोटो काढायचे, पानाच्या कडा धरून, पेन्सिलीच्या खुणांसकट, आणि त्यानंतरच टाइप करायला घ्यायचं.